माप घेताना हात वर करावे लागतात

पोलीस खात्यात माणूस नावारूपाला येतो तो आवाजाच्या नाहीतर पायांच्या जोरावर. आमच्या भागातल्या ठाण्यात एक हवालदार आहेत, त्यांच्याकडे यातलं काहीच नाही. आवाज असा की हजेरीला ‘हजर’ म्हणाले तरी शेजारच्याला ‘हे हजर आहेत, साहेब’ असं पुन्हा सांगावं लागतं. आणि चाल अशी की जिना चढताना प्रत्येक पायरीची चौकशी करून मगच पुढची. अख्खं ठाणं त्यांना ‘सावकाश’ म्हणतं. तोंडावर ‘सावकाशकाका’, पाठीमागे नुसतंच सावकाश. त्यांची बायको तर म्हणते, “अहो, तुम्ही चोराच्या मागं लागलात तर चोर म्हातारपणीच सापडायचा. तोही त्याला कंटाळा आला म्हणून.”

पण याच माणसाची ठाण्यात एक वेगळी गरज असते. कंट्रोलवरून निरोप येतो, “अमुक गल्लीत एक इसम गच्चीवर चढून ओरडतोय, बहुधा डोक्यावर परिणाम झालेला,” आणि ठाण्यातले सगळे दांडगे गडी अचानक कागद चाळायला लागतात. कुणाच्या बुटाची नाडी सुटते, कुणाला साहेबांनी आत बोलावल्याचा भास होतो. मग कुणीतरी म्हणतं, “सावकाशला पाठवा.” आणि सावकाश उठतात. उठायलाही वेळ लागतो, पण उठतात.

हे कौशल्य ते कुठं शिकले असं विचाराल तर उत्तर आहे, दम लागून. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी शाळेतल्या एक बाई पाण्याच्या टाकीवर चढून कठड्याबाहेर उभ्या राहिल्या होत्या. खाली दोनशे माणसं. सावकाश तेव्हा बारीक होते, तरी चौऱ्याऐंशी लोखंडी पायऱ्या चढून वर पोचेपर्यंत त्यांचे डोळे पांढरे झाले. काहीतरी समजुतीचं बोलायचं होतं, पण तोंडातून नुसती शिट्टी. शेवटी ते मटकन खाली बसले आणि वीस मिनिटं भात्यासारखे धापा टाकत राहिले. बाई कठड्याबाहेरून बघत होत्या. मग म्हणाल्या, “तुम्हाला बरं वाटतंय ना? डोकं खाली घाला जरा.” सावकाशांनी डोकं खाली घातलं. बाई आत आल्या, त्यांची पाठ चोळली आणि दोघं एकमेकांना धरून खाली उतरली. कुणी कुणाला उतरवलं याबद्दल सावकाशांच्या मनात आजही शंका नाही. पण ठाण्याच्या डायरीत नोंद आहे, ‘सदर महिलेस हवालदारांनी शिताफीने व प्रसंगावधान राखून खाली उतरवले.’

तेव्हापासून त्यांची पद्धत तीच. जायचं, बसायचं आणि समोरचा माणूस आपण होऊन बोलेपर्यंत गप्प राहायचं. टोपी, पट्टा आणि काठी बाहेर ठेवायची. ‘असं करू नका’ म्हणायचं नाही. माणूस ज्या कामातला असेल त्या कामाचं काहीतरी विचारायचं. एकदा एक गवंडी स्वतःला कोंडून घेऊन भिंतीवर डोकं आपटत होता. सावकाशांनी दाराबाहेरून त्याच्याकडे आपल्या न्हाणीघराच्या गळतीची तक्रार मांडली. तीन तासांनी गवंडी बाहेर आला तो न्हाणीघर बघायला. बघून झाल्यावर दोघं दवाखान्यात गेले.

तीन तास! इथंच खात्याच्या पोटात दुखतं. आमच्या ठाण्यात आलेला प्रत्येक कॉल चाळीस मिनिटांत ‘बंद’ व्हावा लागतो. बंद करताना फोनवरच्या फॉर्मात पाच रकाने येतात: भांडण, चोरी, अपघात, दारू, इतर. एखाद्या माणसाचं मन ढासळलंय यासाठी रकाना नाही. ते ‘इतर’मध्ये जातं. सापडलेली शेळी, तुंबलेलं गटार आणि ढासळलेला माणूस, सगळे एकाच रकान्यात. आणि महिन्याअखेरीस वरून विचारणा येते की आपल्या ठाण्यात ‘इतर’ फार वेळ का खातं?

साहेब सावकाशांना बोलावतात. “हवालदार, हे काय? एका इतरला तीन तास दहा मिनिटं?”

“गवंडी होता, साहेब.”

“मग?”

“न्हाणीघर बघायचं होतं त्याला.”

साहेब कपाळाला हात लावतात. साहेब माणूस वाईट नाही. त्यांचा आकड्यांवर जीव आहे, एवढंच. एकदा खात्याने अशा प्रसंगांसाठी अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षणही ठेवलं होतं. पडद्यावर चित्रं होती, चहा होता, शेवटी प्रमाणपत्र होतं. सावकाश त्या दिवशी पुलाच्या कठड्यावर एका रंगाऱ्याशेजारी बसले होते, त्यामुळे ते प्रशिक्षणाला गैरहजर लागले. प्रमाणपत्र साहेबांना मिळालं. ते त्यांच्या खुर्चीमागे लावलेलं आहे.

आता त्या शिंप्याची गोष्ट.

बाजारामागच्या गल्लीत एक टेलरमास्तर आहेत. पन्नाशीचे, काटकुळे, कानामागे खडू. हात असा की त्यांनी शिवलेली पँट घालून माणूस उगाचच दोनदा आरशासमोरून जाई. लग्न केलं नाही. थोरल्या बहिणीबरोबर दुकानामागच्या दोन खोल्यांत राहतात. काज-बटणं ताई करते, बाकी सगळं मास्तर. दर तीन-चार वर्षांनी मास्तरांची झोप उडते आणि झोपेपाठोपाठ बाकीचंही उडायला लागतं. मागच्या खेपेला शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले होते. सावकाश तेव्हा रजेवर होते. पोलिसांनी मास्तरांना दोरीने बांधून नेलं आणि रात्रभर कोठडीत ठेवलं. सकाळी ‘हे आपलं काम नव्हे’ असा शोध लागल्यावर सोडून दिलं. परत आल्यावर मास्तर चार महिने एक शब्द बोलले नाहीत.

यंदा झोप उडाली तेव्हा मास्तरांचं भांडण टेपशी लागलं. कुणीतरी बाजारातले सगळे टेप रोज थोडे थोडे आखूड करतंय, अशी त्यांची खात्री पटली. घरातले, दुकानातले, शेजारच्या दुकानांतले मिळून एकतीस टेप त्यांनी भिंतीवर ओळीने टांगले. सुरुवातीला गिऱ्हाइकांनी चेष्टेवारी नेलं. पोस्टमनच्या शर्टाची एक बाही तीन इंच लांब आली तेव्हा तो म्हणाला, “मास्तर, ही लांब बाही कुणाच्या खिशात घालायची?” मास्तर हसले नाहीत. आठव्या दिवशी त्यांनी शटर अर्धं ओढून घेतलं आणि आतून ताईला म्हणाले, “ताई, माझा डावा हात दीड इंच जास्त झालाय. आल्टर करावा लागेल.”

शिंप्याची कात्री म्हणजे वीतभर पातं. पोलीस नकोत असं तिने तीन वर्षं मनाशी घोकलं होतं. दवाखान्यात फोन केला तर ते म्हणाले, रुग्णाला घेऊन या. रुग्ण कात्री घेऊन बसलाय म्हटल्यावर ते म्हणाले, मग पोलिसांना घेऊन या. शेवटी ती चालत ठाण्यात गेली आणि दारातच म्हणाली, “ते गवंड्यावाले हवालदार कुठं आहेत? ते असतील तर सांगते, नाहीतर चालले मी.”

सावकाशांनी सगळं ऐकून घेतलं. ताई म्हणाली, “तुम्ही येणार असाल तर या. पण मला शब्द द्या. त्याच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही.”

“नाही लावणार.”

“तुम्ही नाही लावणार. बाकीचे?”

“ताई, कुणीच नाही. माझ्या शेजारी बसवून दवाखान्यात नेतो. शब्द दिला.”

खात्यात शब्द देण्याचा अधिकार कितव्या दर्जापासून सुरू होतो हे सावकाशांना माहीत नसावं. तो त्यांच्यापासून तरी होत नाही.

सकाळी अकराला गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. ड्रायव्हर म्हणाला, “काका, किती वेळ?” सावकाश म्हणाले, “बघू.” ड्रायव्हरने हे उत्तर पूर्वीही ऐकलं होतं. “मग मी निघतो. गाडी अडकवायची नाही असं साहेबांनी बजावलंय,” म्हणून तो गेला. सावकाशांनी टोपी, पट्टा आणि काठी ताईच्या हातात दिली आणि अर्ध्या शटरखालून आत शिरायला लागले. पोट अडकलं. मागे होईना, पुढे होईना. गल्लीतली चार माणसं मदतीला आली, दोघांनी ढकललं, एकाने सल्ला दिला, आणि सावकाश गालिच्याच्या गुंडाळीसारखे दुकानात घरंगळले.

आत कापडाचा खच पडला होता. मास्तर कटिंगच्या टेबलावर मांडी घालून बसलेले, डावी बाही खांद्यापर्यंत वर, दंडावर खडूची पांढरी रेघ, उजव्या हातात कात्री. रेघेच्या वर एक बारीक लाल चीर. करून बघितलेली.

सावकाश पडल्या जागी बसले. काही बोलले नाहीत. पाच मिनिटं गेली. इतक्यात त्यांच्या खांद्यावरचा वायरलेस त्यांचा नंबर घेऊन खरखरला, “कंट्रोल ते सहा, कंट्रोल ते सहा, आपली पोझिशन कळवा.”

मास्तर ताडकन उभे राहिले. “कोण बोलतंय? किती इंच म्हणाला?”

“कुणी नाही, मास्तर. ठाण्यातला आहे. दिवसभर असाच बडबडतो.”

“सहा म्हणाला. मी ऐकलं. सहा इंच म्हणाला!” कात्री दंडाकडे गेली.

सावकाशांनी वायरलेसचं बटण फिरवलं आणि तो बंद केला. खरखर थांबली. मास्तर हळूहळू खाली बसले.

इथं सावकाशांची चूक झाली. चूक म्हणावी तर तिच्यावर त्यांची सही होती. दोन महिन्यांपूर्वी एक परिपत्रक आलं होतं: कामावर असलेल्या कर्मचाऱ्याचा वायरलेस वीस मिनिटांहून अधिक काळ बंद आढळल्यास त्याच्या जिवाला धोका आहे असे समजून जवळच्या सर्व गाड्यांनी तिकडे धाव घ्यावी. कल्पना चांगली आहे. पोलिसांच्याच जिवाची काळजी. पण आमच्या ठाण्यात परिपत्रक वाचायची रीत अशी की सकाळच्या हजेरीला कागद रांगेतून फिरतो आणि प्रत्येक जण पुढच्याच्या पाठीवर ठेवून ‘वाचले, समजले’ असं लिहून सही करतो. त्या कागदावर बत्तीस सह्या होत्या. वाचला होता एकाने, ज्याने टाइप केला त्याने. सावकाशांनी ज्या पाठीवर सही केली, ती रुंद होती, एवढंच त्यांना आठवत होतं.

तर घड्याळ सुरू झालं, आणि आत सावकाश म्हणाले, “मास्तर, मला एक पँट शिवायची होती.”

मास्तरांनी त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. शिंपी ज्या नजरेनं बघतो त्या नजरेनं, म्हणजे चेहरा सोडून. “तुमची ही पँट कुणी शिवली?”

“खात्याकडून येते.”

“खात्याला तुमच्याशी वैर आहे काय? सीटला बघा, दोन माणसं बसतील. आणि कंबरेला एकही नाही.”

“म्हणूनच म्हटलं.”

“माप नाही घेता येणार. टेप सगळे लबाड झालेत.”

“मग राहू दे,” सावकाश म्हणाले. आणि गप्प बसले.

हे गप्प बसणं फार अवघड असतं. आपल्यासारखा माणूस एवढ्यात दहा सल्ले देऊन मोकळा झाला असता. मास्तर अस्वस्थ झाले. समोर इतकी वाईट शिवलेली पँट बसलेली त्यांना बघवेना. शेवटी ते उतरले, रिळाचा पांढरा दोरा ओढला आणि म्हणाले, “उठा. दोऱ्यानं घेतो. दोऱ्याला आकडे नसतात, त्यामुळे त्याला खोटं बोलता येत नाही.”

दोरा कंबरेभोवती फिरला, कात्रीने कच्चकन कापला गेला आणि खिळ्याला अडकवला गेला. मग सीटचा दोरा, मांडीचा, उंचीचा. काम सुरू झालं तसा मास्तरांचा हात स्थिर झाला. एकीकडे ते बोलायला लागले. आठ रात्री झोप नाही. डोळे मिटले की पातं चालल्याचा आवाज येतो. “ताईला त्रास होतोय माझा,” म्हणाले. “ती कोपऱ्यात बसून रडते आणि मला वाटतं काज करतेय.”

सावकाश म्हणाले, “तुमच्या हातालाही एकदा दोरा लावून बघू या का?”

मास्तरांनी दोन्ही हातांचे दोरे घेतले आणि शेजारी शेजारी धरले. सारखे भरले. सावकाशांच्या मनात आशा उगवली. मास्तर बराच वेळ बघत राहिले आणि खोल आवाजात म्हणाले, “म्हणजे दोराही फितवला त्यांनी.”

सावकाशांनी वाद घातला नाही. “मला नाही कळत यातलं, मास्तर. दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांना विचारू. मी येतो बरोबर. ताईही येईल.”

“बांधून नेणार?”

“नाही. माझ्या शेजारी बसायचं.”

मास्तर विचारात पडले. दमले होते. खरं तर दमण्याच्याही पलीकडे गेले होते, आणि कुणीतरी ‘चला’ म्हणण्याचीच वाट बघत होते. “बरं,” ते म्हणाले. “पँटबरोबर शर्टाचंही माप घेऊन टाकतो. तेवढं झालं की येतो. कात्री ताईकडे देऊन ठेवतो.”

बाहेर ताईने हे ऐकलं आणि भिंतीला टेकून डोळे पुसले.

“हात वर करा,” मास्तर म्हणाले.

छातीचं माप घेताना गिऱ्हाइकाला हात वर करावे लागतात. सावकाशांनी केले. मास्तर मागे उभे राहिले, दोरा काखेतून पुढे आणला, आणि दोन्ही टोकं जुळवताना कात्री उजव्या हातातच होती. नेमक्या त्या क्षणी गल्लीत तीन गाड्यांचे भोंगे एकदम वाजले.

चार तरुण शिपाई शटरखाली आडवे झाले आणि त्यांनी जे पाहिलं ते त्यांच्या जागी कुणालाही तसंच दिसलं असतं. हवालदार हात वर करून उभे, गणवेशावर पट्टा नाही, डोक्याला टोपी नाही, मागे एक माणूस, त्याच्या हातात वीतभर पातं, आणि हवालदारांच्या छातीवर दोरी.

“काका, हलू नका!”

“अरे, माप घेतोय, माप!” सावकाश आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. पण सवय नसल्यामुळे तो आवाज मदतीसाठी मारलेल्या हाकेसारखाच बाहेर पडला. ताई “थांबा, थांबा” म्हणत एकाचा शर्ट धरून ओढत होती. शटर धाडकन वर गेलं. चौघं एकदम तुटून पडले. मास्तरांनी कात्री टाकली होती, पण टाकलेली कात्री बघायला कुणाला फुरसत नव्हती. मनगट पिळलं गेलं तेव्हाचा आवाज सावकाशांनी ऐकला. ते सांगतात, बाभळीची वाळकी फांदी मोडावी तसा.

मग ते चौघं, घामाघूम, आनंदाने फुललेले. त्यातला एक सावकाशांची पाठ थोपटत म्हणाला, “काका, दोन मिनिटं उशीर झाला असता तर संपलंच होतं बघा!”

सावकाश त्याच्याकडे बघत राहिले. पोरगा मनापासून बोलत होता. त्याला चहा हवा होता आणि शाबासकी. त्याच्यावर रागवायचं तरी काय? तो आपल्या काकांचा जीव वाचवायला जीव धोक्यात घालून आला होता. रागावायला कुणीच सापडेना, याचाच सावकाशांना सगळ्यात जास्त राग आला.

मास्तरांना गाडीच्या मागच्या भागात घातलं. सावकाश शेजारी बसायला गेले तर गाडी भरलेली होती. ताई टोपी, पट्टा आणि काठी घेऊन फुटपाथवर उभी होती. तिने त्या तिन्ही वस्तू त्यांच्या पायाशी ठेवल्या आणि चालत निघून गेली.

दुपारी साहेबांनी बोलावलं. टेबलावर टाइप केलेला जबाब तयार होता. ‘सदर इसमाने माझ्यावर धारदार शस्त्राने प्राणघातक हल्ला केला व मला दोरीने बांधण्याचा प्रयत्न केला.’ खाली सहीपुरती जागा.

“सही करा, हवालदार.”

“हे असं झालं नाही, साहेब.”

“मला माहीत आहे असं झालं नाही!” साहेब वैतागले. “मी मूर्ख आहे का? पण माणसाचं मनगट मोडलंय. का मोडलं ते कागदावर यायला नको? एक तर त्याने हल्ला केला, नाहीतर आपल्या पोरांनी निष्कारण हात मोडला. तिसरं काही लिहायची सोय कुठं आहे?”

“सही केली तर मास्तरांचं काय होईल?”

“दवाखान्याच्या अस्थिविभागातून उद्या कोठडीत. मग कोर्ट.”

“आणि नाही केली तर?”

“तर त्याच्यावर गुन्हाच उभा राहत नाही. मनोरुग्णालयात पाठवावं लागेल. आणि मग वर विचारतील, हल्ला नव्हता तर वायरलेस का बंद होता? ते तुमच्या अंगावर येईल.” साहेबांचा आवाज खाली आला. “निवृत्तीला तीन वर्षं राहिली तुमची. कशाला?”

सावकाशांनी कोरा कागद मागितला.

दोन वाजता लिहायला बसले. अक्षर मोत्यासारखं, पण प्रत्येक मोती समुद्रातून काढून आणल्यासारखा. साहेब चारदा डोकावून गेले. साडेचारला ते दारातून ओरडले, “हवालदार, आत्मचरित्र लिहिताय का?” पाचला कागद टेबलावर आला. त्यात सगळं होतं: शटर, पोट अडकलं ते, सहा इंच, पँट, दोरे. आणि शेवटी: ‘वायरलेस मी स्वतः बंद केला. परिपत्रकावर माझी सही आहे, परंतु मी ते वाचले नव्हते. मी हात वर केले होते कारण छातीचे माप घेताना हात वर करावे लागतात. इसमाने माझ्यावर हल्ला केला नाही. तो दवाखान्यात येण्यास तयार होता.’

साहेबांनी वाचलं. मधेच त्यांना हसू आलं. शेवटाकडे ते गेलं. “असला जबाब मी चोवीस वर्षांत पुढं पाठवलेला नाही,” ते म्हणाले. पण पाठवला. हे साहेबांच्या नावावर मांडायला हवं.

मास्तर मनोरुग्णालयात गेले. सावकाशांची चौकशी झाली आणि त्यांना जप्त मालाच्या खोलीत बसवलं. तिथं पन्नासेक सायकली, एक पिंजरा आणि एक गायीचा पुतळा आहे. ‘इतर’ला लागणारा सरासरी वेळ आता बावीस मिनिटांवर आलाय. चार जण जातात, उचलतात, आणतात. वरून साहेबांना अभिनंदनाचं पत्र आलं.

दोन महिन्यांनी सावकाश ताईकडे गेले. गणवेशात नाही, साध्या कपड्यांत. मास्तर घरी आले होते, आतल्या खोलीत झोपले होते. गोळ्यांनी झोप लागत होती. पण उजव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती. कात्री धरली की गळून पडायची. ताई दारात उभी राहिली, तोंडात सुई.

“तुम्ही जबाब खरा दिलात,” ती सुई काढून म्हणाली. “कळलं मला. नाहीतर तो तुरुंगात असता. तेवढ्यासाठी तुमचं भलं होवो.”

सावकाश चष्मा काढून पुसायला लागले.

“पण शब्द दुसराच दिला होता तुम्ही.”

“हो.”

“तीन-चार वर्षांनी पुन्हा झोप उडेल त्याची. तेव्हा मी कुणाला बोलवायचं, तेवढं सांगा. तुम्हाला बोलवायचं?”

“मी तेव्हा निवृत्त झालेला असेन.”

“मग?”

सावकाशांनी खिशातून एक छापील कार्ड काढलं. मनोरुग्णालयाचं होतं: ‘संकटकाळी चोवीस तास मदत’, खाली नंबर. ताईने हातात घेतलंही नाही. “लावून बघितलाय. कुणी उचलत नाही.”

“असं कसं?” म्हणत सावकाशांनी तिथंच उभ्या उभ्या नंबर लावला आणि तिला ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला. घंटी वाजत राहिली. तुटली. पुन्हा लावला. चौथ्यांदा कुणीतरी उचललं.

“बोला.”

“समजा एखाद्या माणसाला वेड्यासारखं व्हायला लागलं, हातात कात्री आहे, तर घरच्यांनी काय करायचं?”

“पोलिसांना कळवायचं.”

“मी पोलीसच बोलतोय.”

“मग झालं की,” पलीकडचा बाप्या समाधानाने म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

ताई हसली. हसता हसता दाराच्या चौकटीला टेकली, आणि मग तिला ते हसू आवरेना, डोळ्यांत पाणी आलं तरी आवरेना. आतून मास्तरांनी झोपेतच कूस बदलल्याचा आवाज आला तशी तिने तोंडावर हात दाबून धरला.

सावकाश फोनकडे बघत होते. मग त्यांनी चष्मा नीट केला आणि तोच नंबर पुन्हा लावला.